गल्लीच्या तोंडाशी आता कोण बसतं?

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराच्या जत्रेला, आपल्या गड्ड्यासाठी, आले होते, तेव्हा निघता निघता बाबांनी विचारलं, "साखर पेठेतून आलीस ना? आपल्या गल्लीच्या तोंडाशी आता कोण बसतं गं?" मी "सगळं बदललंय बाबा" एवढंच म्हणाले आणि पिशवीची चेन ओढत राहिले. पुण्याची गाडी चुकायला नको, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही जुळे सोलापूरला राहायला गेलात, मग गुडघ्यांनी धरलं आणि तिकडं जाणंच सुटलं. गाडीत बसल्यावर तुमचा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत होता. त्याचं नीट उत्तर आज देते.

रस्ता रुंद झालाय. लाकडाची वखार होती तिथं मोबाइलचं दुकान आहे. चुरमुऱ्याची भट्टी गेली, घुंगरं बांधलेला रसाचा चरकही गेला. स्टोव्ह रिपेअरवाला तर घरोघरी गॅस आला तेव्हाच उठला होता. मागच्या बोळातून यंत्रमागांचा खडखडाट अजून येतो. त्या आवाजावरूनच मी जागा ओळखली.

आई, कल्हईवाल्याची कडुनिंबाखालची जागाही गेली. तू पातेली देऊन मला तिथं राखण बसवायचीस आणि मी भाता ओढायला मिळेल म्हणून खूश. लालबुंद निखाऱ्यांवर पातेलं तापलं की तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर नाकात जायचा. मग कथिलाची कांडी आत टेकवून कापसाच्या बोळ्यानं भराभर फिरवायचा, आणि पिवळं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्रर्र! कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी कळकते, म्हणून तू दर दोन-तीन महिन्यांनी पाठवायचीस. पुढे स्टील आलं आणि पितळेची बरीचशी भांडी तू मोडीत घातलीस. त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. मला वाटलं होतं, उपास असेल.

आता बाबा, तुमची जागा. तिथं कोणी बसत नाही. टपरीच्या जागेवर गटारीची फरशी आहे आणि तिच्यावर मोटारसायकली उभ्या असतात.

मी तिथं बराच वेळ थांबले होते, हे तुम्हाला सांगितलं नाही. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि तेव्हापासून गावाची घड्याळं भोंग्यावर लागायची, असं तुम्ही अभिमानानं सांगायचात. तुमच्या मिलचा भोंगा बंद झाला, तेव्हा तुम्ही सात जुन्या सायकली घेऊन रस्त्यावर बसलात. ताशी एक रुपया. गड्ड्याच्या दिवसांत सकाळीच सातही सायकली बाहेर पडायच्या, आणि संध्याकाळी होम मैदानाची धूळ घेऊन परत यायच्या. पंक्चर काढताना घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवायचं काम माझं. बुडबुडा दिसला की मी ओरडायचे आणि तुम्ही कॉपिंग पेन्सिलनं खूण करायचात.

रात्री वहीची बेरीज मी करायचे. बेरीज कधीच जुळायची नाही. काही नावांपुढे नेण्याची वेळ असायची, आणण्याची असायची, पण पैशाचा रकाना कोरा. रोज तीच चार-पाच नावं. मी भांडायचे, "बाबा, हे लोक पैसे का देत नाहीत?" तुम्ही म्हणायचात, "ते मिलचं खातं आहे, सोडून दे."

मी आठवीत होते. मला वाटायचं, मिल बंद पडली तरी तिकडून पैसे येणार आहेत, म्हणून तुम्ही निवांत आहात. ती तुमच्याच खात्यातली माणसं होती, कामाच्या शोधात गावभर फिरायला सायकल न्यायची, हे कितीतरी वर्षांनी कळलं. तेही आईकडून. आणि त्याच दिवसांत शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'मिल कामगार' लिहीत राहिले. 'सायकल दुकान' लिहायची मला लाज वाटायची. बाबा, हे मी तुम्हाला आजवर बोलले नव्हते. माझं चुकलं.

आता मीही दिवसभर लोकांचे हिशेबच तपासते. कोरा रकाना दिसला की हात थांबतो आणि तुमची ती लाल कापडी बांधणीची वही आठवते. ती अजून ट्रंकेत आहे का? आईच्या लुगड्यांखाली असायची. असेल तर वाळवी लागण्याआधी काढून ठेवा, मला हवी आहे.

आई, आजीचं पितळी पातेलं तू मोडीत घातलं नव्हतंस, मला माहीत आहे. भांड्यांच्या दुकानात चौकशी केली आहे, तिथं महिन्यातून एकदा कल्हईवाला येतो. पाडव्याला मी चार दिवस येतेय. बाबांना रिक्षातून साखर पेठेत नेईन आणि येताना पातेलं घेऊन येऊ. आमटी त्यातच कर.

तब्येतीला जपा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची लेक