आमच्या मॉरिसचा डायनॅमो वाचवणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

आमच्या जुन्या मॉरिस मायनर गाडीचा डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) भद्रकालीतील आपल्या दुकानात आपण पुन्हा चालता केलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे. इतरत्र सगळीकडे ‘हा काढा आणि अल्टरनेटर (त्याच कामाचे नव्या धर्तीचे जनित्र) बसवा’ असाच सल्ला मिळत होता. आपण मात्र आधी रॉकेलच्या फडक्याने त्यावरचा तेलकट मळ पुसलात आणि लोखंडी अंगावर ठोकलेला लुकास कंपनीचा ‘सी ३९ पीव्ही २’ हा क्रमांक मला वाचायला लावलात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डायनॅमोंचे आतले भाग निराळे असू शकतात, म्हणून क्रमांक पाहिल्याशिवाय साधे कार्बनसुद्धा (फिरत्या भागाला टेकून वीज घेणारे ब्रश) आणू नयेत, हा आपला आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

आपली तपासणी तर पाहत राहावी अशी होती. डायनॅमोच्या डी आणि एफ या दोन टोकांवरच्या तारा सोडवून ती टोके आपण आपसांत जोडलीत आणि इंजिन मिनिटाला हजारेक फेऱ्यांवर ठेवलेत, तेव्हा मीटर अर्ध्या व्होल्टपुढे सरकेना. काटा हललाच नसता तर कार्बन पाहायचे, चार-पाच व्होल्टवर अडला असता तर आर्मेचर (आतला फिरता भाग), आणि अर्धा-एक व्होल्ट म्हणजे फील्ड कॉइल (चुंबकत्व निर्माण करणारी तारेची गुंडाळी), असे आपण समजावलेत. जिथे सुमारे ६ ओहम यायला हवे होते तिथे कॉइल खरोखरच तुटलेली निघाली. एफपाशी तुटलेले टोक आपण डाग देऊन जोडलेत, वर कापडी पट्टी गुंडाळून वार्निश लावलेत.

कम्युटेटरला (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला) एमरी पेपर न लावता बारीक काचकागदच वापरायचा, कारण एमरीचे कण फटींत अडकून वीज वाहू देतात, आणि पट्ट्यांमधले अभ्रक साधारण ०.८ मिलिमीटर खाली घ्यायचे, हेही आपण करून दाखवलेत. आमच्या गाडीचे अर्थिंग पॉझिटिव्ह (बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले) असल्यामुळे डायनॅमो बसवल्यावर बॅटरीच्या निगेटिव्हची तार एफला क्षणभर टेकवून आपण त्याचे चुंबकत्व योग्य दिशेने आणलेत, मगच तारा जोडलेत.

आता डायनॅमोच्या मागच्या बुशच्या (फिरता दांडा ज्यात टेकतो त्या नळीच्या) भोकात इंजिन ऑइलचे थेंब मी वेळच्या वेळी सोडतो; चार्जिंगचा लाल दिवा इंजिनाने वेग घेताच विझतो.

आपली अनुमती असेल, तर ही सारी पद्धत आकृत्यांसह लिहून काढण्यासाठी एखाद्या रविवारी दुकानात येऊन बसेन.

आपला नम्र,
मॉरिसवाला, नाशिक