अप्पा, खरंच काहीच सुधारलं नाही का?

पुणे, १८ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलता येत नाही, अप्पा "हां, बरं, घे आईशी बोल" म्हणतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहायलाच बसले. दिवाळीत दादाचं आणि अप्पांचं जे वाजलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. दादा म्हणाला दारात गाडी आहे, नळ आहे, गॅस आहे, घरात माणशी एक मोबाईल आहे, तरी तुम्ही म्हणता दहा वर्षांत काहीच सुधारलं नाही, आणि अप्पा तुम्ही "तुला नाही कळायचं" एवढंच बोलून गोठ्याकडे निघून गेलात. दादाला वाटतं तुम्हाला कशाचं काही नाही. मला तसं अजिबात वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेतात गेल्यावर मी ट्रंकेतल्या आडतीच्या पट्ट्या काढून बघितल्या. तुम्ही सगळ्या टाचणी लावून ठेवल्यात वर्षाप्रमाणे, कागद पातळ झालाय पण अक्षर लागतं. २०१४ च्या उन्हाळ्यात विकलेल्या सोयाबीनची पट्टी आहे त्यात, भाव क्विंटलला चार हजाराच्या पुढे, खाली हमाली, तोलाई कापलेली. आणि यंदा दिवाळीच्या तोंडावर लातूरला नेलं तेव्हाही तोच चार हजार-एकेचाळीसशे, हमीभाव ४८९२ असताना. मधे २०२१ ला दहा हजाराच्या घरात गेलं होतं तेव्हा आपल्या घरात एक दाणा शिल्लक नव्हता. आता दहा वर्षांत डीएपी खताची बॅग १३५० वर गेली, मजुरी कुठल्या कुठे गेली, फवारणीचं तर बोलायलाच नको, आणि विकायच्या मालाचा भाव तिथंच. हे ज्याने रोज बघितलंय तो माणूस सुधारणा झाली कशाला म्हणेल? हमीभाव केंद्रावर न्यायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे, यंदा पाऊस लांबला, आत्ता कुठे १५ पर्यंत चालेल असं निघालंय, पण ज्यांना दिवाळीआधी पैसे पाहिजे होते त्यांनी केव्हाच विकून टाकलं, आपल्यासारख्यांनी.

दादाला मला हे सांगायचंय की हे फक्त आपल्या अप्पांचंच नाहीये. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरातल्या लोकांना विचारते, मुंबई नागपूर धरून १९ शहरं आहेत, की वर्षापूर्वीपेक्षा आता परिस्थिती बरी आहे का वाईट, नोकरीचं कसंय, महागाई कशीय, कमाई कशीय. बरं म्हणणारे आणि वाईट म्हणणारे सारखे असले तर आकडा १०० येतो. मे २०२१ ला कोरोनात तो ४८.५ पर्यंत खाली आलेला, तो आजवरचा नीचांक. त्यानंतर बराच वर आला, पण २०१९ च्या मे पासून आजपर्यंत शंभरी काही गाठली नाही. म्हणजे पगारवाली, शहरातली माणसंसुद्धा हेच म्हणतायत. आणि त्याच लोकांना पुढच्या वर्षाचं विचारलं की बहुतेक वेळा आकडा शंभराच्या वर जातो, यंदा नाही जमलं पण पुढच्या वर्षी होईल बरं. हे वाचलं आणि मला मे महिन्यातले अप्पा दिसले, बियाण्याच्या बॅगा मोजून घेणारे.

माझंही तेच आहे खरं तर. पगार वाढलाय, पण भाडं, गाडीचा हप्ता, पोरीची फी जाऊन महिनाअखेर तसाच. खेड्यात पण तेच झालंय बघा, १९९९-२००० मध्ये गावाकडच्या घरखर्चातला ५९ टक्के पैसा खाण्यावर जायचा, २०२२-२३ मध्ये ४६ टक्के. कागदावर ही चांगली गोष्ट आहे, पोट भरून पैसा उरतोय. पण उरलेला जातो पेट्रोलला, दवाखान्याला, शिकवणीला, रिचार्जला. तुम्ही म्हणता ना पैसा येतो पण दिसत नाही, तो असा जातो.

पण अप्पा, आता तुमच्यावर थोडं रागावणार आहे. त्या भांडणात आईला कुणी विचारलंच नाही. ती फराळाची ताटं उचलत होती. आई पहाटे चुलीपुढे बसायची तेव्हाचं मला आठवतं, पावसाळ्यात सरपण ओलं, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल आणि दिवसभर खोकला. २०१५-१६ ला देशात शंभरातल्या ४४ घरांत गॅससारखं बिनधुराचं इंधन होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ५९ झालं. आपण त्या मधल्या घरांपैकी. सिलेंडर महागलं की आई अजून पाणी चुलीवरच तापवते ते मला माहितीय, पण भाकरी गॅसवर होते. आणि पाणी! २०१६ ला मी लातूरला हॉस्टेलवर होते तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली होती, पहिली गाडी आली एप्रिलमध्ये, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, टीव्हीवर सगळीकडे तेच. तेव्हा गावाकडे आई टँकरच्या मागे दोन घागरी घेऊन पळत होती, ते कुठल्या टीव्हीवर नव्हतं. आज नळ दारात आहे. उन्हाळ्यात चार-चार दिवस येत नाही, आला की तासभर येतो, तरी दारात येतो. आईच्या गुडघ्यांना विचारा सुधारलं की नाही ते. लातूरला जायचं तर एसटीला बायकांना अर्धं तिकीट लागतं म्हणून मागच्या महिन्यात ती एकटी मावशीकडे जाऊन आली, आधी कधी गेली होती का सांगा.

तुम्ही शेत मोजता, आई घर मोजते. दादा फक्त दारातल्या वस्तू मोजतो म्हणून तुमचं त्याला पटत नाही. मला तुमचं दुखणं मोठं वाटतं कारण नळ-गॅस आला तो कुणीतरी आणून दिला, भाव मात्र तुम्ही राबूनसुद्धा तुमच्या हातात नाही. पण "काहीच नाही" म्हणू नका आईसमोर. तिला एकदा नीट बसवून विचारा, काय काय बदललं तिच्या लेखी, आणि ती बोलत असताना मधे बोलू नका.

आता कामाचं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लातूरला करायचं का इकडे पुण्यात, ते या आठवड्यात ठरवा, मी त्याप्रमाणे सुट्टी टाकते. राहिलेलं सोयाबीन त्यासाठी विकायला काढू नका, पैसे मी आणि दादा मिळून बघतो. त्याच्याशी माझं बोलणं झालंय.

तुमची,
मनू