चांदीची लगड घेताना : गटातील सर्व भगिनींना सूचना

भगिनींनो, आपल्यातल्या एकीने अनोळखी माणसाकडून स्वस्तात घेतलेली चांदीची लगड गेल्या आठवड्यात शहापूरच्या सराफाकडे दाखवली. कानशीने कोपरा घासला, तर आत लालसर तांबं! वर नुसता मुलामा. वर्षभराची भिशी गेली तिची, बघवत नव्हतं.

चुंबकावर भरवसा ठेवू नका, तांबंही त्याला चिकटत नाही. त्यापेक्षा लगड मापाच्या भांड्यातल्या पाण्यात पूर्ण बुडवून पाणी किती चढतं ते बघा: 100 ग्रॅम चांदी साडेनऊ मिलिलिटर पाणी वर सारते, तेवढंच तांबं अकराच्या वर. सोन्यात हे चालत नाही, कारण आत टंगस्टन नावाचा धातू भरला, तर तो जवळपास सोन्याइतकाच जड.

लगड हॉलमार्क बघून आणि पक्की पावती घेऊनच घ्या. कुणाला शंका असेल तर मंगळवारच्या बैठकीत सांगा, सगळ्या मिळून सराफाकडे जाऊ.