फॅन एकाच सेन्सरच्या भरवशावर नको

महोदय,

भंगारातलं मारुती ८०० किंवा ओम्नीचं इंजिन घेऊन घरी बग्गी नाहीतर छोटी जीप बनवल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. अशी गाडी रस्त्यावर आणायला मान्यता लागते, तो विषय वेगळा. बहुतेक गाड्या शेतात, मैदानातच फिरतात. कौतुक चेसिसचं आणि वेल्डिंगचं होतं, इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या कूलंट टेम्परेचर सेन्सरचं नाव कुणी काढत नाही. त्याच्याच आकड्यावर रेडिएटरचा फॅन लागतो. तो बिघडला की गॅरेजात दोनच उपाय सुचवले जातात. फॅन डायरेक्ट करा, म्हणजे सतत चालू ठेवा, नाहीतर सेन्सरच्या कपलरमध्ये (वायरच्या जोडणीत) ३०० ओहमचा रेझिस्टर अडकवा. पहिला गावठी असला तरी चालून जातो. दुसऱ्याने इंजिन जातं.

कारण रेझिस्टर लावला की ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन कायम ८० अंशांवर दिसतं. सकाळी गार इंजिन स्टार्ट व्हायला कुरकुर करतं, तेवढं सोसता येईल. पण पाणी ११५ वर गेलं तरी ईसीएमच्या लेखी सगळं आलबेल असतं आणि फॅन लागतच नाही. मग गॅस्केट उडतं, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि काहीशे रुपयांच्या सेन्सरपायी हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवावं लागतं.

मुळात सेन्सर खराब आहे की नाही, हे बदलण्याआधी मल्टीमीटरवर बघावं. गरम होईल तसा त्याचा रोध उतरतो. सुझुकीच्या सेन्सरचा २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम, ८० ला तीनशेच्या आसपास, १०० ला दोनशेच्या खाली भरतो. सेन्सर काढून फक्त टोक पाण्यात बुडवावं, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवत आकडे लिहून घ्यावेत. पाणी उकळलं म्हणजे १०० अंश, असं धरू नये. पुण्यात ते ९८ च्या सुमाराला उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ लाच.

आकडे बरोबर आले तर दोष वायरिंगचा. इग्निशन चालू करून सुट्या कपलरच्या दोन पिनांमध्ये ५ व्होल्ट मिळायला हवेत. वायर तुटली असेल तर ईसीएमला उणे ४० अंश दिसतात आणि स्कॅनरवर पी०११८ हा दोषाचा कोड येतो. शॉर्ट असेल तर पी०११७. तुटलेल्या वायरवर पेट्रोल जास्त जातं, काळा धूर येतो, प्लग काजळतात. कंपनीच्या ईसीएममध्ये अशा वेळी फॅन सतत चालू ठेवण्याची सोय बहुधा असते. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो (स्वतः जुळवायचे ईसीएम) बसवलं असेल तर ती आपणच सेटिंगमध्ये करायची असते, आणि कोणत्या रोधाला किती अंश, हा सेन्सरचा तक्ताही आपणच भरायचा असतो. दुसऱ्या कंपनीच्या सेन्सरचा तक्ता राहिला तर आकडा दिसतो, पण खोटा.

घरच्या वायरिंगमध्ये सर्वांत फसवणारा दोष अर्थिंगचा. सेन्सरची अर्थ ईसीएमच्या सेन्सर-ग्राउंड पिनवरच जायला हवी. ती चेसिसला जोडली की फॅनचा करंट त्याच वाटेने जातो. १०० अंशांना सेन्सरवर जेमतेम ०.३५ व्होल्ट असतात. त्यात अर्थिंगचे ०.२ व्होल्ट मिसळले की ईसीएमला ८०-८२ अंश दिसतात. फॅन लागतो, लागताक्षणी आकडा पडतो, फॅन बंद होतो, आकडा चढतो, फॅन पुन्हा लागतो. फॅनला करंट देणारा रिले कटकट करत राहतो आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी मारला जातो.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याची आपल्याकडची सवयही अशीच. इंजिन ६० वर रेंगाळतं, पेट्रोल जास्त पितं, आणि चांगला सेन्सर बदलला जातो. सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला, सतत पाण्यात राहील असा असावा. पाणी गळून गेलं की तो वाफेत लटकतो आणि आकडा उलट खाली येतो. इंजिन जळत असताना डॅशबोर्ड निवांत! म्हणून कूलंटच्या टाकीत लेव्हल स्विच जरूर बसवावा.

माझं म्हणणं एवढंच, की फॅनला दुसरी वाट हवी. रेडिएटरवर ९२ ला चालू आणि ८७ ला बंद होणारा थर्मोस्विच बसवावा आणि त्याची वायर फॅन रिलेच्या ज्या पिनला ईसीएम अर्थ देतो, त्याच पिनला जोडावी. तिथेच डॅशबोर्डवरून एक साधा स्विच आणावा. ईसीएम, थर्मोस्विच, चालकाचा हात, यांपैकी कुणीही एकाने अर्थ दिली की फॅन लागतो. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचा सेन्सर वेगळा ठेवावा. ईसीएमच्याच वायरवर काटा जोडला तर दोन्ही आकडे बिघडतात. एका वायरच्या सेन्सरला आट्यांतूनच अर्थ मिळते, त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नये.

नवा सेन्सर इंजिन पूर्ण गार असतानाच बसवावा. नवा तांब्याचा वॉशर घालावा आणि बेताने आवळावा, अॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात. बोअरचं पाणी भरू नये, टोकावर पांढरा थर चढतो; निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी घालावं आणि हवा काढावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहावं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. आठ-दहा अंशांचा फरक असेल तर पुन्हा अर्थिंगपासून तपासायला घ्यावं.

– एक वाचक, चिंचवड