मिनिटं लिहिता, मग तुकडीची जाडी पण लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या घरी बरीच वर्षं येतोय, पुरवणी मी आधी वाचते आणि मग पहिलं पान. हल्ली पुरवणीत एअर फ्रायरच्या रेसिपी खूप येतात, तुमच्याच नाही सगळ्याच पेपरांच्या पुरवण्यांत येतात, कटलेट, पनीर, समोसे आणि मधूनमधून मासे पण. बाकीच्या पदार्थांबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण माशाच्या रेसिपीत "फिश फिलेट (म्हणजे बिनकाट्याची तुकडी), २०० डिग्री, १५ मिनिटं" एवढंच छापलेलं असतं आणि तुकडी किती जाड हे कुठंच नसतं. हे पत्र फक्त तेवढ्यासाठी आहे. छोटी गोष्ट वाटेल पण आमच्या घरात या एका गोष्टीपायी तीन महिने मासा शिजला नाही, म्हणून मनापासून लिहितेय.

आमचे आण्णा, म्हणजे माझे सासरे, हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ लहानाचे मोठे झाले, त्यामुळे मरळ, वाम, कटला हे त्यांना भाकरीइतकं सवयीचं. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टर म्हणाले मासे जरूर खा पण तळलेले बंद. आता कालवण आठवड्यातून दोनदा होतं, पण ज्या माणसानं आयुष्यभर तव्यावरची कुरकुरीत तुकडी खाल्लीय त्याला नुसतं कालवण किती दिवस पुरणार, म्हणून दिवाळीला मिस्टरांनी एअर फ्रायर आणला. दुकानातला मुलगा म्हणाला, मॅडम काय पण टाका, २०० ला २० मिनिटं, विषय संपला. मी तसंच केलं. बासाचे दोन फिलेट मसाला लावून आत टाकले, बाहेर काढले तर कडा पापडासारख्या आणि मधला भाग इतका वातड की बोटांनी तुटेना. आण्णा काही बोलले नाहीत, अर्धी तुकडी खाल्ली, उरलेली ताटाच्या कडेला सारली आणि रात्री हळूच म्हणाले, अगं उद्यापासून आमटी-भातच कर, उगाच तुला त्रास. ते ऐकून मला रडूच आलं. मशीन माळ्यावर गेलं ते तीन महिने खाली आलं नाही.

आमच्या शाळेत एक बाई आहेत, माहेर रत्नागिरीचं, त्यांना हे सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, तुकडी किती जाड होती? मला सांगताच येईना. त्या म्हणाल्या मग मिनिटांचा काय उपयोग.

घरी आल्यावर मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि फ्रीजमधला बासाचा फिलेट ओट्यावर ठेवून मोजला. मध्ये जवळजवळ दोन सेंटिमीटर आणि शेपटीकडं जेमतेम अर्धा! म्हणजे एकाच तुकडीत दोन वेगवेगळे मासे असल्यासारखंच झालं की, शेपटी चार-पाच मिनिटांत शिजणार आणि मधल्या भागाला दहा-बारा लागणार, आणि आपण दोघांना २० मिनिटं भाजतोय. तेव्हापासून मी शेपटीचा पातळ भाग खाली दुमडून ठेवते नाहीतर सरळ कापून वेगळा काढते आणि शेवटी टाकते. एवढ्या एका गोष्टीनं निम्मा फरक पडला.

मग मी जरा खोलात गेले. एअर फ्रायर नाव असलं तरी त्यात तळत काहीच नाही, वर कॉइल असते, तिच्यावर पंखा, आणि गरम वारा बंद डब्यात जोरात फिरतो, म्हणजे छोटी भट्टीच म्हणा. फिलिप्सनं हे यंत्र २०१० साली युरोपात आणलं, त्यामुळे इंटरनेटवरच्या बऱ्याच रेसिपी तिकडच्या सालमन आणि कॉड माशाच्या, ज्यांच्या तुकड्या चांगल्या अडीच-तीन सेंटिमीटर जाड असतात. तेच आकडे आपल्याकडं जसेच्या तसे उतरवले जातात आणि आपली तुकडी असते एक-दीड सेंटिमीटरची. शिवाय माशाचं मांस चिकनसारखं नसतं, त्यात चिवट भाग फार कमी, म्हणून ते झटकन शिजतं आणि शिजल्यावर दोन मिनिटं जरी जास्त राहिलं तरी सगळं पाणी सोडून कोरडं पडतं. आतून ६३ डिग्री झालं की मासा शिजला असं धरतात. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड जागी काटा चमचा खुपसून थोडा फिरवायचा, काचेसारखं अर्धपारदर्शक मांस पांढरंशुभ्र झालेलं असेल आणि पाकळ्या सुट्या होत असतील तर लगेच बाहेर काढायचा. घड्याळाकडं बघत बसायचं नाही.

माझ्या मशीनमध्ये दोन-तीन मिनिटं आधी गरम करून २०० डिग्रीला एक सेंटिमीटरच्या तुकडीला सात-आठ मिनिटं लागतात आणि दोन सेंटिमीटरला अकरा-बारा, मध्ये एकदा उलटायची. तुकड्या एकमेकीवर चढवायच्या नाहीत, वारा फिरायला जागा पाहिजे, पाचजणांचं करायचं तर दोन घाणे काढा पण गर्दी नको.

आता ओलाव्याचं सांगते कारण खरी गोम तिथं आहे. फ्रोजन पाकीट रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, सकाळी वाटीभर तरी पाणी सुटलेलं असतं, ते ओतून टाकायचं आणि तुकडी सुती फडक्यानं दोन्ही बाजूंनी टिपून घ्यायची. वरचं पाणी आटेपर्यंत तुकडीची वरची बाजू शंभर डिग्रीच्या पुढं तापतच नाही, मग ती कुरकुरीत होणार कधी, ती नुसती वाफवली जाते आणि आपण म्हणतो मशीन फालतू आहे. मसाला पण घट्टच पाहिजे. आलं-लसूण, लाल तिखट, मीठ, थोडं कोकमाचं आगळ आणि आपल्या सांगलीची हळद, जिला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आगळ किंवा लिंबू लावून पंधरा-वीस मिनिटांच्या वर ठेवू नका, मांस भुसभुशीत होतं. आणि आपल्याकडची कांदा-लसूण चटणी यात थेट चोपडू नका, त्यातलं खोबरं, कांदा, लसूण आधीच भाजलेलं असतं, २०० डिग्रीच्या वाऱ्यात ते काळं पडून कडू होतं. मी दोनदा करून बघितलं, दोन्हीदा कडूच. चटणी वरून भुरभुरा, छान लागते.

रव्याचं पण तसंच, तव्यावर तेल असतं म्हणून रवा तळला जातो, इथं तो कोरडाच राहतो, पंख्यानं उडतो आणि खाताना कचकच लागतो. त्यासाठी चार चमचे रवा आणि चार चमचे तांदळाचं पीठ घेऊन त्यात दोन छोटे चमचे तेल आधीच हातानं चोळून घ्यायचं, मोदकाच्या पिठाला मोहन लावतो तसं, आणि मग त्यात तुकडी दाबून घोळवायची. चार तुकड्यांना दोन छोटे चमचे तेल, आण्णांच्या डॉक्टरांनाही चाललं.

अजून एक, विजेचं. माझं मशीन १५०० वॅटचं आहे, म्हणजे साडेसहा अँपियरच्या आसपास ओढतं. मी सुरुवातीला मिक्सरच्या साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावायचे, एक दिवस जळका वास आला, बघते तर बोर्ड हात लावता येणार नाही इतका गरम. गिझरला असतो तसला १६ अँपियरचा पॉवर पॉइंटच पाहिजे हे रेसिपीच्या खाली एक ओळ छापलं तर कितीजणींचं भलं होईल. बिलाची मात्र काळजी नको, बारा मिनिटांना साधारण ०.३ युनिट जातं.

मासा कुठला घ्यावा यावर पण लिहा, कारण सांगली म्हणजे काय मालवण नाही. कटला, रोहू नदीचे, चवीला उत्तम, पण मांसात बारीक काटे सगळीकडं रुतलेले, त्याचा बिनकाट्याचा फिलेट घरी होणं कठीण आणि म्हाताऱ्या माणसाला ते काटे धोक्याचे, त्यांचं कालवणच करावं. चिलापी (तिलापिया) आणि बासाला ती भानगड नाही, पाठीचा काटा आणि फासळ्या काढल्या की झालं. मरळ मिळाली तर सोन्याहून पिवळं. जून-जुलैत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, तेव्हा रत्नागिरीकडून ताजं फारसं येत नाही, त्या दोन महिन्यांत फ्रोजन फिलेटच उपयोगी पडतो.

पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर एअर फ्रायरला सगळ्यात भारी बांगडा. तो मुळात तेलकट, त्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि त्यातच त्याचं कातडं कुरकुरीत होतं, वरून तेलाचा थेंब लागत नाही. हृदयाला चांगलं म्हणतात ते ओमेगा-३ बासात फारच कमी आणि बांगड्यात भरपूर, शिवाय सुरमई-पापलेटपेक्षा कितीतरी स्वस्त. मासेवाल्या मावशींना सांगायचं, पोटाकडनं चिरून पुस्तकासारखा उघडून द्या. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, ताई, असं कुणी मागत नाही, आता मी दिसले की स्वतःच सुरी काढतात. सुरमईची तुकडी पण मी आता "बोटाएवढी जाड" असं सांगूनच कापून घेते, आणि सगळ्या सारख्या, म्हणजे सगळ्या एकदम शिजतात. वास येतो हे खरं, शेजारी माळकरी आहेत म्हणून खिडकी त्यांच्या बाजूची बंद ठेवते आणि भांडं गार झालं की लगेच बेसन चोळून धुते.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की रेसिपी अशी छापा: बासा, १५० ग्रॅमची तुकडी, दीड सेंटिमीटर जाड, २०० डिग्री, ९ मिनिटं, पाचव्या मिनिटाला उलटा. एक ओळ वाढेल फक्त. मी हीच ओळ मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवलीय, कारण बुधवारी मला शाळेतून यायला उशीर होतो. त्या दिवशी आण्णा स्वतः पट्टी घेऊन तुकडी मोजतात, मशीन लावतात, आणि मी घरी पोचते तेव्हा माझ्या वाटणीची तुकडी झाकून ठेवलेली असते.

आपली एक वाचक,
विश्रामबाग, सांगली