सूचना : 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

या सभेत घरकुलाची यादी आणि गायरानातलं अतिक्रमण, असे दोन्ही तापणारे विषय आहेत. मागच्या वेळी माइकची ओढाओढ झाली, खुर्च्या आपटल्या आणि मागे बसलेल्या बायका लेकरं घेऊन निघून गेल्या. ज्यांच्या घराचा प्रश्न होता, त्याच न बोलता परतल्या. हे मला अजून सलतं.

म्हणून विनंती, आपलं म्हणणं आधीच लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. गोंगाटात बोलणं वाहून जातं, कागद राहतो. बोलताना अध्यक्षांना उद्देशून बोला. कुणाच्या जातीवर, भावकीवर, घरातल्या बाईमाणसावर एक शब्दही नको. कुणी पिऊन आलं तर दोघांनी गोडीने घरी पोहोचवावं, चारचौघांत पाणउतारा करू नये.

वाद चढला तर अध्यक्षांना दहा मिनिटं सभा थांबवायला सांगा, पण रागाने उठून जाऊ नका. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मोजकीच माणसं यादी ठरवतात.

ताई-माईंनो, त्याआधीच्या महिला सभेला नक्की या, यादी तिथेच वाचून घ्या.

दाराजवळची जागा म्हाताऱ्यांसाठी आणि लेकुरवाळ्यांसाठी सोडा, फाटकासमोर गाड्या नकोत. हातघाईवर आलं तर मध्ये पडू नका, 112 ला फोन करा.

— सचिव