सूचना : बूम (टो ट्रकची उचलणारी भुजा) उचलण्याआधी तारदोर तपासा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या मेळाव्यात जुने टो ट्रक (बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारे) चालवून दाखवायचे आहेत, म्हणून ही आठवण. रंग, क्रोम, दिवे यांत आपली मंडळी कधीच कमी पडत नाहीत. काळजी आहे ती विंचच्या, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या यंत्राच्या, तारदोराची. ड्रमवरचा दोर पूर्ण उलगडून बघा. वरचे वेढे चकचकीत आणि आतले गंजलेले, असं सर्रास आढळतं. तुटलेल्या तारा, चपटा झालेला भाग किंवा पीळ सुटून फुगलेली जागा दिसली, तर दोर सरळ बदला. जाड हातमोजे घालून फडका फिरवा; तुटकी तार त्यात लगेच अडकते. हुकाचं तोंड फाकलं असेल तर तोही बाद.

होम्स बनावटीच्या, दोन बूम असलेल्या ट्रकवाल्यांनी एका बाजूने ओढताना दुसऱ्या बूमचा दोर भक्कम आधाराला बांधायचाच. ही रचना आहेच त्यासाठी, नाहीतर ट्रक कलंडतो. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या चॅटनूगात याच होम्स बनावटीचे अर्नेस्ट होम्स यांनी १९१३ च्या कॅडिलॅक गाडीवर खांब, कप्पी आणि साखळी बसवली, तेव्हापासून हा धंदा दोर आणि आधार यांवरच चालत आलाय.

ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभं राहू नये. फोटोसाठीसुद्धा नाही! ज्यांच्या दोराची तपासणी झालेली नसेल, त्यांच्या गाड्या नुसत्या बघायला ठेवू; त्यावर वाद नको. चाकांना लावायच्या उटी (अडसराचे ठोकळे) आपापल्या आणा.